वेग बरोबर, दाब मात्र रोज वेगळा: चमकणाऱ्या कणांनी वायुप्रवाह मोजताना वारंवार येणारी अडचण

प्रवाहात चमकणारे सूक्ष्म कण सोडून वेग आणि दाब एकदमच मोजायला घेतले, की एक तक्रार हमखास उभी राहते. वेग काढतात तो लेझरच्या लागोपाठच्या दोन पल्सना (क्षणिक झोतांना) टिपलेल्या दोन चित्रांत कण किती सरकले त्यावरून, आणि दाब कणांच्या चमकेवरून. वेगाचा नकाशा सुरेख येतो, पिटो नळीशी (दाबावरून वेग मोजणाऱ्या साध्या नळीशी) जुळतो, दहा वेळा मोजला तरी तोच येतो. दाबाचा नकाशा मात्र सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा. कधी दोन किलोपास्कल जास्त, कधी पाच किलोपास्कल कमी. नव्याने कॅलिब्रेशन केलं की दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच.

मी या चक्रात बरेच महिने घालवले. लेन्स पुसल्या, लेझरची शीट (कण उजळवणारा प्रकाशाचा पातळ पडदा) पुन्हा पुन्हा जुळवली, कणांची अख्खी बरणी बदलली. दोष यांपैकी कशातच नव्हता. तुमचीही गाडी इथेच अडली असेल, तर कॅमेऱ्याला हात लावण्याआधी पुढचं वाचा.

कणाला दाब कळत नाही, त्याला ऑक्सिजन कळतो. कणात बसवलेलं रंगद्रव्य, म्हणजे बहुतेक वेळा प्लॅटिनम पोर्फिरिन किंवा रुथेनियमचं संयुग, लेझरच्या प्रकाशाने उत्तेजित होतं आणि लालसर प्रकाश सोडत हळूहळू शांत होतं. तेवढ्यात ऑक्सिजनचा रेणू येऊन धडकला, तर तो ही ऊर्जा काढून घेतो आणि प्रकाश बाहेर पडतच नाही. म्हणून ऑक्सिजन जितका जास्त, तितकी चमक मंद आणि तितकीच ती लवकर विझणारी. ओटो स्टर्न आणि माक्स फोल्मर यांनी १९१९ मध्ये मांडलेला संबंध आपण इथे वापरतो: ऑक्सिजनविरहित चमकेला मोजलेल्या चमकेने भागलं, की येणारा आकडा ऑक्सिजनच्या आंशिक दाबाबरोबर (हवेच्या दाबातल्या एकट्या ऑक्सिजनच्या वाट्याबरोबर) जवळजवळ सरळ रेषेत वाढतो.

आंशिक दाबावरून एकूण दाबाकडे जाताना आपण दोन गोष्टी गृहीत धरतो. हवेत ऑक्सिजनचा वाटा सगळीकडे सारखाच आहे, आणि कणाचं तापमान आपल्याला माहीत आहे. यातलं एकही गृहीतक मोडलं की दाबाचा आकडा चुकतो. तो चुकल्याची कुठलीही खूण चित्रात दिसत नाही, हीच खरी पंचाईत आहे.

आधी मोकळा झोत मोजा

दोष शोधायचा तर जिथे उत्तर आधीच माहीत आहे तिथून सुरुवात करावी. ध्वनीपेक्षा कमी वेगाचा झोत मोकळ्या हवेत सुटला, की त्याच्या गाभ्यातला स्थितिक दाब (वायूबरोबर वाहत जाणाऱ्याला जाणवेल तो) आजूबाजूच्या हवेइतकाच असतो. म्हणजे तुमच्या नकाशात झोत दिसायलाच नको. बाहेरच्या स्थिर हवेतही थोडे कण सोडा आणि दोन्हींकडचा दाब शेजारी शेजारी बघा. झोत दाबाच्या नकाशात उठून दिसत असेल, तर तो दिसतोय तेवढी तुमची चूक. वरचा आकडा, खालचा आकडा, कडेला बदलणारी पट्टी, सगळी चूकच.

या चाचणीची मला फार किंमत वाटते. कारण बंद डब्यात केलेल्या कॅलिब्रेशनमध्ये हवा एकसारखी मिसळलेली असते, तापमान स्थिर असतं, कण हलत नसतात. प्रत्यक्ष प्रयोगात घात करणारी प्रत्येक गोष्ट तिथे गैरहजर असते. डब्यात उत्तम चालणारी मांडणी झोतात का बिघडते, याचं उत्तर डब्यात सापडणार नाही.

दमट खोली, कोरडा झोत

माझ्याकडे मुख्य चोर हा निघाला. झोताची हवा कॉम्प्रेसरमधून, ड्रायर ओलांडून येत होती, म्हणजे जवळजवळ कोरडी. खोलीतली हवा मात्र त्या त्या दिवसाच्या हवामानाप्रमाणे. पाण्याची वाफ हवेत जागा घेते, तेवढी ऑक्सिजनची जागा कमी होते. कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के. ३० अंश सेल्सिअसला संपृक्त वाफेचा दाब सुमारे ४.२ किलोपास्कल असतो. सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल तर खोलीतल्या हवेत वाफेचा वाटा झाला साधारण २.५ किलोपास्कल. ऑक्सिजनला उरलेल्या ९८.८ किलोपास्कलचाच हिस्सा मिळतो. झोतात मात्र पूर्ण १०१.३ किलोपास्कलचा.

कणाच्या दृष्टीने झोतात ऑक्सिजन जास्त आहे. तो मंद चमकतो. आपण वाचतो: झोतात दाब अडीच किलोपास्कलने जास्त.

आता हा आकडा प्रवाहाशी ताडून बघा. ४० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या झोताचा गतिक दाब (झोत अडवला तर वाढेल तेवढा दाब) जेमतेम १ किलोपास्कल भरतो. म्हणजे आपल्याला ज्या दाबफरकाचा शोध आहे त्याच्या अडीचपट मोठा खोटा फरक नुसत्या दमटपणामुळे येतो. आणि तो रोज बदलतो, कारण आर्द्रता रोज बदलते. सकाळ-संध्याकाळचा फरकही इथूनच येत होता. माझ्या नोंदवहीत लेझरची ऊर्जा, पल्समधलं अंतर, फिल्टरचा क्रमांक, सगळं होतं. आर्द्रता नव्हती. आर्द्रतामापक आणून दोन आठवडे नोंदी ठेवल्या, तेव्हा दाबातली चूक आणि वाफेचा दाब एकाच चालीने वर-खाली होताना दिसले.

उपाय सोपे आहेत. एक तर झोत आणि भोवतालची हवा एकाच ठिकाणची घ्या: पंख्याने खोलीतलीच हवा ओढून झोत बनवला की प्रश्नच मिटतो. ते जमत नसेल तर भोवती पारदर्शक पेटी उभारून तिच्यात त्याच कोरड्या हवेचा संथ प्रवाह चालू ठेवा. गणिताने दुरुस्ती करायची तर झोत आणि भोवताल जिथे मिसळतात त्या पट्ट्यात प्रत्येक बिंदूवर मिश्रणाचं प्रमाण लागेल, आणि ते सहसा हातात नसतं. मी पेटीच्या बाजूचा आहे.

याच कुटुंबातली दुसरी चूक याहून मोठी, पण पकडायला सोपी. कण उडवायला नायट्रोजनचा सिलिंडर वापरण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे, कारण तो कोरडा असतो आणि हाताशी असतो. कण ज्या वायूतून आले त्याचा ढग त्यांच्याभोवती बराच वेळ टिकतो. मुख्य प्रवाहात नायट्रोजन केवळ ५ टक्के मिसळला तरी ऑक्सिजन ५ टक्क्यांनी घटतो आणि दाब ५ किलोपास्कलने कमी दिसतो. खूण अशी: जिथे कण दाट, तिथे दाब कमी. कणांची घनता आणि दाब यांचे नकाशे शेजारी ठेवून ते एकमेकांसारखे दिसले, तर आधी सिलिंडर बदला. कोरडी, तेलविरहित हवा वापरा.

तापमान: जे विसरलं जातं

बहुतेकांना ठाऊक असतं की ही रंगद्रव्यं तापमानालाही प्रतिसाद देतात. तापमान वाढलं की चमक कमी होते, साधारण अंशामागे १ टक्का. रंगद्रव्य आणि ज्या पदार्थात ते बसवलंय त्यानुसार कमी-जास्त. खोलीचं तापमान नोंदवून दुरुस्ती केली की झालं, असा समज असतो. पण कण खोलीच्या तापमानाला नसतो. तो त्याच्याभोवतीच्या वायूच्या तापमानाला असतो, आणि वेगाने धावणारा वायू थंड होतो.

किती? वेगाच्या वर्गाला वायूच्या विशिष्ट उष्णतेच्या दुपटीने भागा. १०० मीटर प्रतिसेकंदाला सुमारे ५ अंश, ३०० ला सुमारे ४५ अंश. १०० मीटरच्या झोतात ५ अंशांनी थंड झालेला कण ५ टक्के जास्त चमकतो. वातावरणीय दाबाजवळ चमकेची दाबसंवेदना किलोपास्कलला ०.७ टक्के धरली, तर या ५ टक्क्यांचा अर्थ आपण लावतो तो असा: दाब ७ किलोपास्कलने घसरलाय. प्रत्यक्षात, मोकळ्या झोतात, काहीच घसरलेलं नाही.

नळीच्या अरुंद भागात किंवा पंखाच्या वरच्या बाजूला दाब खरोखरच घसरतो, तेव्हा ही चूक आणखी फसवी होते. दाब कमी झाला की चमक वाढते, तापमान कमी झालं तरी चमक वाढते. दोन्ही एकाच दिशेला. नकाशा अगदी विश्वासार्ह दिसतो, फक्त दाबाची घट खऱ्यापेक्षा दुपटीच्या आसपास मोठी येते. घट जास्त आली तर आनंदच होतो, शंका कोणी घेत नाही.

आणि माझ्या झोतात दमटपणा दाब वाढवत होता, थंडावा कमी करत होता. ज्या दिवशी दोन्ही एकमेकांना खात, त्या दिवशी मला वाटे की आज यंत्र नीट चाललंय.

दुरुस्ती करायची तर कॅलिब्रेशन एका तापमानाला करून भागत नाही. निदान चार-पाच तापमानांना, प्रवाहात येणारा सगळा पल्ला झाकून, दाब बदलत मोजायला हवं. वेगाचा नकाशा तुमच्याकडे आहेच. वायू उष्णता देत-घेत नसेल आणि मूळ (वेग घेण्याआधीचं) तापमान सगळीकडे सारखं असेल, तर प्रत्येक बिंदूचं तापमान त्या वेगावरूनच काढता येतं. वेग आणि दाब एकदम मोजण्याचा मोठा फायदा मला इथे दिसतो. मात्र झोताची हवा आणि खोलीची हवा मुळातच वेगवेगळ्या तापमानाला असतील, तर मिसळणाऱ्या पट्ट्यात हा हिशेब चालत नाही. तिथे दोन रंगद्रव्यांचे कण लागतात, ज्यातलं दुसरं तापमानाला प्रतिसाद देतं आणि ऑक्सिजनला देत नाही.

वेगही चुकायला लागला तर

कधी उलटी तक्रार येते: साध्या तेलकणांनी वेग बरोबर होता, चमकणारे कण घातल्यापासून तो कमी येतोय. इथे पहिला प्रश्न एकच. वेग कोणत्या प्रकाशावरून काढताय?

प्लॅटिनम पोर्फिरिनची चमक हवेत १० मायक्रोसेकंदांच्या आसपास टिकते. लेझरचा पल्स १० नॅनोसेकंदांपेक्षाही छोटा, त्यामुळे विखुरलेल्या हिरव्या प्रकाशात कण गोठलेला दिसतो. लाल चमकेत तो चालत राहतो. १०० मीटर प्रतिसेकंदाने १० मायक्रोसेकंदांत १ मिलिमीटर. कॅमेऱ्यात एक पिक्सेल २० मायक्रोमीटरचा असेल तर कणाच्या मागे ५० पिक्सेलांचा फराटा. दोन पल्समधलं अंतर ५ मायक्रोसेकंद ठेवलं, तर दुसरी फ्रेम उघडते तेव्हा पहिल्या पल्सची सुमारे ६० टक्के चमक अजून शिल्लक असते, आणि ती दुसऱ्या फ्रेममध्ये उतरते. सहसंबंधाचं गणित, म्हणजे दोन चित्रं एकमेकांवर जुळवून कणांचं सरकणं शोधणारं गणित, अशा दोन फराट्यांमधलं अंतर काढतं. त्यातून येणारा वेग कुठल्याही ठरलेल्या क्षणाचा नसतो.

म्हणून वेगासाठी ५३२ नॅनोमीटरचा अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावलेला वेगळा कॅमेरा, आणि चमकेसाठी ६०० नॅनोमीटरच्या पुढचंच जाऊ देणारा दुसरा. एकाच कॅमेऱ्यावर दोन्ही कामं भागवायचा मोह मी समजू शकतो, पण तो संथ प्रवाहापुरताच परवडतो. ही वेगवेगळी मांडणी केली की एक छान गोष्ट होते: हिरव्या कॅमेऱ्याने दिलेल्या वेगावरून लाल चित्रातला फराटा किती लांब आणि कोणत्या दिशेला असायला हवा ते आधीच कळतं, आणि त्या पट्टीतली सगळी चमक त्या त्या कणाच्या नावावर जमा करता येते.

वेग चुकण्याचं दुसरं कारण कण स्वतः. १ मायक्रोमीटरचा तेलाचा थेंब हवेशी सुमारे ३ मायक्रोसेकंदांत जुळवून घेतो. ५ मायक्रोमीटरच्या पॉलिस्टायरिनच्या गोळीला सुमारे ८० लागतात, कारण हा काळ व्यासाच्या वर्गाने वाढतो. शॉक (ध्वनीपेक्षा वेगवान प्रवाहातला, वेग आणि दाब एकदम बदलणारा पातळ थर) ओलांडल्यावर ४०० मीटर प्रतिसेकंदाने ३ सेंटिमीटर पुढे गेली तरी ती गोळी जुन्या वेगाचा काही भाग बाळगून असते. चमक जास्त हवी म्हणून मोठे कण घ्यावेसे वाटतात. शॉक असलेल्या प्रवाहात ती देवघेव करू नका.

ऑक्सिजन आत पोचायला लागणारा वेळ

याबद्दल कमी बोललं जातं, म्हणून वेगळं लिहितो. पॉलिस्टायरिनच्या घन गोळीत रंगद्रव्य आतपर्यंत मुरलेलं असतं. बाहेर ऑक्सिजन बदलला तरी तो आत झिरपायला वेळ लागतो, आणि दोन-तीन मायक्रोमीटरच्या गोळीतही तो मिलिसेकंदांच्या घरात जातो. १०० मीटर प्रतिसेकंदाने ५ मिलिसेकंदांत कण अर्धा मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे इथे दिसणारी चमक मागे कुठेतरी असलेल्या दाबाची आठवण आहे. अशा वेळी नकाशातले बारीक फरक पुसट होतात आणि सगळं प्रवाहाच्या दिशेने सरकलेलं दिसतं. वेग निम्मा करून पुन्हा मोजा. सरकण्याचं अंतरही निम्मं झालं तर रोग हाच. सच्छिद्र सिलिकाच्या कणांत ऑक्सिजन छिद्रांतून चटकन पोचतो, त्यामुळे वेगवान प्रवाहाला तेच बरे. मात्र सिलिका ओलावा धरते आणि तिचे गठ्ठे होतात. वापरण्याआधी ती भट्टीत वाळवून घ्या, आणि वाटेत लहान सायक्लोन (हवा गरगर फिरवून जड कण बाजूला काढणारा विभाजक) बसवून मोठे गठ्ठे गाळून टाका.

गठ्ठ्यांवरून आठवलं. नुसत्या चमकेवरून दाब काढू नका. दोन कण चिकटले तर चमक दुप्पट होते, आणि इथे आपण एकेका टक्क्यासाठी झगडतोय. गुणोत्तर हवंच. चमकेला विखुरलेल्या हिरव्या प्रकाशाने भागण्याची युक्ती सुचते, पण ती फसते: विखुरणं साधारण व्यासाच्या वर्गाने वाढतं, आत मुरलेल्या रंगद्रव्याची चमक घनाने. खरे पर्याय दोन. ऑक्सिजनला दाद न देणारं दुसरं रंगद्रव्य त्याच कणात घालून दोन रंगांचं गुणोत्तर घेणं, किंवा चमक विझण्याचा वेग मोजणं. दुसऱ्यात पल्सनंतरची सुरुवातीची चमक एका फ्रेममध्ये आणि उरलेली शेपटी पुढच्या फ्रेममध्ये पकडतात. मला हा मार्ग आवडतो, कारण दोन्ही आकडे एकाच रंगद्रव्याचे असतात, आणि प्रकाशाने रंगद्रव्य हळूहळू मरतं त्याचा गुणोत्तरावर फारसा परिणाम होत नाही. दोन रंगद्रव्यांची मरण्याची गती वेगळी असते, त्यामुळे तिथे गुणोत्तर आठवड्यागणिक सरकत जातं. दोन रंगांचे कण असतील तर बरणी अंधारात ठेवा.

शेपटीच्या मोजणीत एक खाच आहे. दुहेरी फ्रेमच्या कॅमेऱ्यात दुसरी फ्रेम कित्येक मिलिसेकंद उघडी राहते, त्यामुळे खोलीतला प्रकाश जवळजवळ सगळा तिच्यात जमा होतो. लेझरची ऊर्जा निम्मी करून बघा. गुणोत्तर बदलायला नको. बदललं, तर पार्श्वभूमी नीट वजा झालेली नाही. एवढी साधी चाचणी मी प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला करतो.

फिल्टरबद्दल थोडक्यात. रंगीत काचेचा फिल्टर तीव्र हिरव्या प्रकाशात स्वतःच चमकू शकतो, म्हणून त्याच्या पुढे परावर्तन करणारा फिल्टर लावा. रंगद्रव्य नसलेले कण सोडा. लाल कॅमेऱ्यात काहीही दिसलं तर ती गळती. काचेवर साचलेले कणही चमकतात, आणि ते हलत नसल्याने सरासरी काढली की ठळक होतात, तेव्हा प्रवाह बंद केल्यावरची पार्श्वभूमी टिपत जा.

हे सगळं केल्यावरही दाब थरथरतो

आता उरतो तो प्रकाशकणांचा गोंधळ, आणि तो कुठल्याही दुरुस्तीने जात नाही. एका कणाकडून कॅमेऱ्यात १,००० इलेक्ट्रॉन जमले तर चमकेत ३ टक्के अनिश्चितता राहते, म्हणजे चार किलोपास्कलहून जास्त. ती ०.१ टक्क्यावर आणायला त्याच जागी १,००० कणांच्या प्रतिमांची सरासरी हवी, आणि गुणोत्तर घेतल्यावर त्याहून जास्त. इतकं करून हाती येणारा ०.१ टक्का म्हणजे सुमारे १४० पास्कल, म्हणजे १५ मीटर प्रतिसेकंदाच्या प्रवाहाचा अख्खा गतिक दाब.

म्हणून कोणी विचारलं की २० मीटरच्या प्रवाहात या कणांनी दाब मोजू का, तर मी नको म्हणतो. तिथे साधे तेलकण वापरून वेगाचा नकाशा चांगला काढा आणि संवेगाच्या समीकरणावरून (वेग कसा बदलतो यावरून त्यामागचा दाब सांगणाऱ्या) दाब गणिताने मिळवा. त्याला ऑक्सिजन, आर्द्रता, रंगद्रव्य कशाचीच फिकीर नाही. १०० मीटरच्या पुढे चित्र पालटतं: दाबाचे फरक काही किलोपास्कलांचे होतात आणि चमकणारा कण कामाला येतो. मधल्या पल्ल्यात मी दोन्ही करतो. समीकरणातून आलेला दाब आणि चमकेतून आलेला दाब एकमेकांतून वजा करतो आणि उरलेल्या नकाशाचा आकार बघतो. तो आर्द्रतेच्या मिसळण्यासारखा पसरट असला तर पेटीची फट शोधतो, वेगाच्या नकाशासारखा असला तर तापमानाची दुरुस्ती पुन्हा तपासतो, आणि कणांच्या घनतेसारखा असला तर कण उडवणाऱ्या वायूच्या नळीकडे जातो.